सकाळची पहिली पट्टी

वाचकहो, आपल्या मराठीत एक गमतीचा वाक्प्रचार आहे. आपण कपडे धुतो, तांदूळ धुतो, हातपाय धुतो. आणि फोटोही ‘धुतो’. “रोल धुवायला टाकलास का?” “मुंजीचे फोटो धुऊन आले का?” हे प्रश्न एके काळी घरोघरी, विशेषतः कार्य उरकल्यानंतरच्या आठवड्यात, हटकून कानांवर पडत. कार्यालयाचा हिशेब मिटलेला असे, पाहुणे परतलेले असत, लाडू डब्याच्या तळाशी गेलेले असत, आणि सारे घर एका कागदी पाकिटाची वाट पाहत असे. ते पाकीट उघडताना कोणाच्या हाताला तेल लागलेले नाही ना, हे आधी पाहिले जाई.

परंतु हे ‘धुणे’ नेमके काय असते, ते कोण करते, आणि ते नीट झाले की नाही यावर लक्ष कोण ठेवते, असा प्रश्न आपणांपैकी किती जणांच्या मनात आला असेल? माझ्या मनात तरी तो कधी आला नव्हता. तो आला तेव्हा मी सदतिशी गाठली होती, आणि ज्या गोष्टीसाठी तो वेळेवर यायला हवा होता तिला तेवीस वर्षे होऊन गेली होती.

मी बंगळुरात एका प्रकाशनसंस्थेत अनुवादक आणि संपादक म्हणून काम करते. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, रसायनशास्त्राशी माझा परिचय शाळेतच संपला. २०२४ साली घरगुती छायाचित्रांचे जतन कसे करावे, या विषयावरची एक छोटी पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दोन पानांतच मी अडखळले. शब्दकोशात शब्द मिळत होते, पण त्या शब्दांमागचे काम डोळ्यांसमोर उभे राहत नव्हते. आमच्या धंद्यात हा मोठा दोष. जे आपण पाहिले नाही त्याचा अनुवाद व्याकरणशुद्ध होतो, आणि तरीही तो निर्जीव राहतो. म्हणून या कामात आयुष्य घालविलेल्या एखाद्या माणसाचा मी शोध घेऊ लागले. त्या शोधातून आमच्या घरातली एक बंद पेटी उघडली जाईल, याची मला कल्पना नव्हती.

त्या पेटीची हकीकत आधी सांगते.

२००१ सालच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाची मुंज बंगळुरात झाली. बेळगावहून आजी आली होती. आजोबा गेल्यापासून आजीने फोटोला बसणे सोडले होते. कोणी फार आग्रह केला तर ती हसून म्हणे, “मंगल कार्याच्या फोटोत माझं काय काम?” आणि स्वयंपाकघराकडे निघून जाई. त्या दिवशी मात्र भिक्षावळीच्या वेळी बाबांनी तिला हाताला धरून मांडवात आणले. डाळिंबी काठाची इरकली साडी नेसलेली आजी, झोळी पुढे करून उभा असलेला मुंडन केलेला नातू, आणि त्याच्या झोळीत लाडू घालताना तिच्या तोंडावर आलेले संकोचाचे व आनंदाचे हसू! बाबांनी ते टिपले. एकदा टिपल्यावर आजीची भीड चेपली असावी. कारण त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिने बाबांना आणखी सातआठ फोटो काढू दिले.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी तो छत्तीस फोटोंचा रोल आमच्या भागातल्या हमरस्त्यावरील एका कलर लॅबमध्ये दिला. दारावर ‘एका तासात फोटो’ अशी पाटी होती. तासाभराने पाकीट हाती आले आणि आम्ही सारे हिरमुसलो. चेहरे खडूसारखे पांढरे, सावल्या काळ्याकुट्ट. आजीची साडी राखेने घासलेल्या भांड्याच्या रंगाची, आणि डाळिंबी काठ मळकट तपकिरी. गल्ल्यावरच्या मुलाने पाकिटात डोकावून पाहिले व तो म्हणाला, “सार, फ्लॅश फार जवळून मारलाय. कॅमेरा हाताळायला जमलं नाही तुम्हाला.” बाबांनी मुकाट्याने पैसे दिले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आजी गेली. तिचे तेवढेच फोटो होते. दिवाणखान्यात लावण्यासाठी त्यांतला एकही चालेना. अखेर कोणा नातेवाइकाच्या लग्नातल्या समूहचित्रातून तिचा तरुणपणीचा, बोटाच्या पेराएवढा चेहरा मोठा करून घेतला. तो आजीसारखा दिसत नाही, असे आम्हां सर्वांनाच वाटे, पण कोणी बोलत नसे.

बाबांनी कॅमेरा लोखंडी कपाटात ठेवला तो पुन्हा काढलाच नाही. माझ्या लग्नातही “तो आपला प्रांत नव्हे” म्हणून ते बाजूला राहिले. आजीचा विषय निघाला की एकच वाक्य म्हणत, “माझ्याच हातांनी घालवले.” तेवीस वर्षे आमच्या घरात हे वाक्य होते. त्याची आम्हांला इतकी सवय झाली होती की ते खरे आहे की नाही, हे तपासून पाहावे असे कोणालाही सुचले नाही.

आता त्या जाणत्या गृहस्थांकडे वळते. ते बसवनगुडीत गांधी बाजाराजवळ राहतात. सत्तरी ओलांडलेले, कानडी बोलणारे, बोटांची नखे अजूनही किंचित तपकिरी. कृष्णधवल फोटोंच्या काळात अंधाऱ्या खोलीत उमेदवारी करून पुढे कितीतरी वर्षे त्यांनी कलर लॅब चालविल्या. हल्ली बंगळुरात रोलच्या कॅमेऱ्याचा नाद पुन्हा तरुण मुलांना लागला आहे. अशाच दोघा मुलांनी काढलेल्या छोट्या लॅबमध्ये ते आठवड्यातून दोनदा जाऊन बसतात. मला ते ‘अम्मा’ म्हणत, मी त्यांना ‘सर’.

“आमच्या वेळी हे गाव फोटोसाठीच वसवलंय असं वाटायचं,” त्यांनी सुरुवात केली. यात अतिशयोक्ती थोडीच होती. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानले जाते. मे महिन्यात मुंबईच्या छायाचित्रकाराला त्यासाठी बर्फ आणावा लागे. येथे थंडीच्या दिवसांत नळाचे पाणीच जवळजवळ तेवढे गार असे. या प्रदेशात हौशी छायाचित्रकारांची परंपराही मोठी. संडूरच्या मराठी राजघराण्यातील मु. य. घोरपडे हे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांचे नामांकित छायाचित्रकारही. बंगळुरातील यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ सालची. ज्याने स्वतः फोटो काढला व स्वतःच धुतला त्याला दोष द्यायला दुसरा कोणी नसे, त्यामुळे तो आपोआपच काळजीपूर्वक काम करी.

रंगीत फिल्मने हे सारे बदलून टाकले. १९७२ साली कोडॅक कंपनीने ‘सी-४१’ नावाची प्रक्रिया आणली, आणि थोड्याच काळात जगभरच्या रंगीत निगेटिव्ह फिल्म तिच्याच पद्धतीने धुतल्या जाऊ लागल्या. हिच्यात डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे बरोबर १०० अंश फॅरनहाइट लागते. आईने कपाळाला हात लावून “कणकण आहे हो” म्हणावे, तेवढे. पण आईला एकदोन अंशांची चूक माफ असते, येथे ०.१५ अंशाच्या पलीकडे चूक चालत नाही. वेळही ठरलेली, ३ मिनिटे १५ सेकंद. या रसायनात फिल्मवर चांदीचे चित्र उमटते आणि त्याच्या सोबतीने रंग तयार होतात. मग ब्लीच त्या चांदीला पुन्हा विरघळण्याजोगे रूप देते, फिक्सर तिला काढून टाकतो, आणि पाण्याने धुऊन झाल्यावर एक शेवटचे द्रावण रंगांना स्थैर्य देते. चांदी निघून जाते, रंग राहतात. मला हे ऐकताना साच्यातून मूर्ती काढल्यावर साचा बाजूला ठेवतात, त्याची आठवण झाली.

पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या नोरित्सू कंपनीने हे सारे एका कपाटाएवढ्या यंत्रात बसविले. या ‘मिनीलॅब’मुळे दुकानाच्या काचेमागेच तासाभरात फोटो मिळू लागले. १९८० व १९९० च्या दशकांत ही यंत्रे आपल्याही शहरांत आली. मोठ्या प्रयोगशाळेत तापमान पाहायला एक माणूस, रसायन पाहायला दुसरा असे. येथे महिनाभर शिकलेला वीस वर्षांचा मुलगा गल्लाही सांभाळी आणि यंत्रही.

“मग ते काम बरोबर चाललंय, हे त्याला कळायचं कसं?” मी विचारले.

त्यांनी एका जुन्या वहीतून एक अरुंद फिल्म काढून माझ्या हातावर ठेवली. तीवर काही फिकट, काही गडद चौकोन होते. “पट्टी,” ते म्हणाले. कानडीतही तोच शब्द, मराठीतही तोच. त्यामुळे अनुवादिकेचे एक काम वाचले.

वाचकहो, या पट्टीची योजना मोठी सुंदर आहे. ती कारखान्यातच ठरावीक प्रकाशाने उजळून, न धुता, पाठवलेली असते. म्हणून लॅबमध्ये ती शून्याखाली १८ अंशांवर गोठवून ठेवायची असते. तिच्याबरोबर तशीच एक, कारखान्याने स्वतः काटेकोरपणे धुतलेली संदर्भपट्टी येते. रोज सकाळी यंत्र तापले की कोणाही गिऱ्हाइकाचा रोल आत घालण्यापूर्वी एक पट्टी धुवायची. मग डेन्सिटोमीटर नावाच्या उपकरणाने तिच्या चौकोनांची गडदता लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशात मोजायची, संदर्भपट्टीशी ताडून पाहायची, आणि जो फरक येईल तो आलेखाच्या कागदावर ठिपक्याने नोंदवायचा. मधली रेघ शून्याची. वर व खाली मर्यादेच्या रेघा. ठिपके मर्यादेच्या आत असले तर दुकान उघडायचे. एखादा बाहेर गेला तर आधी दुसरी पट्टी धुऊन खात्री करायची, आणि खरोखरच दोष असेल तर तो सापडेपर्यंत एकही रोल घ्यायचा नाही.

या आलेखाचा जन्म फोटोंच्या जगातला नव्हे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली तो मांडला. कोणत्याही कामात थोडा चढउतार होणारच. त्यांतला कोणता चढउतार नैसर्गिक आणि कोणत्यामागे शोधून काढण्याजोगे कारण आहे, हे ओळखता आले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. प्रत्येक ठिपक्यामागे धावून यंत्राच्या कळा फिरविणारा माणूस काम सुधारीत नाही, उलट बिघडवितो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून हेच शूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतात आले होते, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेने गुणवत्ता-नियंत्रणाचा हा विचार आपल्या कारखान्यांत नेला. त्या संस्थेचे एक केंद्र बंगळुरातही आहे. गांधी बाजाराजवळच्या घरात वहीत जपलेल्या त्या ठिपक्यांची वंशावळ अशी दूरवर जाते.

गृहस्थांच्या वह्या म्हणजे या शहराची एक निराळीच बखर होती. एका पानावर ठिपके आठवडाभर हळूहळू खाली उतरत गेले होते. “आषाढ,” ते म्हणाले. कर्नाटकात आषाढात लग्नकार्ये होत नाहीत, रोल येत नाहीत. टाकीतला डेव्हलपर वापराविना हवेने शिळा होतो. दुसऱ्या एका पानावर एकच ठिपका एकदम बाहेर फेकला गेला होता; फिक्सरचे थेंब डेव्हलपरमध्ये उडाले होते. पट्टीवर न दिसणारे दोषही ते वेगळ्या शाईने लिहून ठेवीत. कावेरीचे पाणी १९७४ साली शहरात आले खरे, पण ज्या भागात ते पुरेसे पोहोचत नसे तेथे विंधणविहिरीचे जड पाणी वापरावे लागे, आणि फिल्म वाळली की तिच्यावर खडूसारखे डाग उरत. १९०५ साली ज्या गावात शिवनसमुद्राच्या विजेने रस्त्यावरचे दिवे लागले, त्याच गावात पुढे उन्हाळ्यात अवचित वीज जाई, आणि कोणाच्या तरी लग्नाचा रोल यंत्राच्या पोटात अडकून पडे. त्या वेळी पंखा हातात घेऊन बसल्यासारखे हाताने यंत्र फिरवीत बसलेल्या रात्री त्यांना अजून आठवतात.

“पण अम्मा, पट्टी खरं बोलते ती संदर्भ बरोबर असेल तरच,” ते म्हणाले, आणि त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. प्रिंटचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पाठवीत असे. त्यात गोऱ्या वर्णाची एक तरुणी असे. पहिल्या चित्रातली तरुणी शर्ली नावाची कंपनीतली कर्मचारी होती, म्हणून पुढची सारी नमुनाचित्रे ‘शर्ली’ या नावानेच ओळखली गेली. शर्लीचा वर्ण बरोबर उमटला की यंत्र बरोबर! सावळ्या किंवा काळ्या माणसाचा चेहरा त्यात बसला नाही तर तो त्या माणसाचा दोष. कॅनडातील संशोधिका लॉर्ना रॉथ यांनी यावर सविस्तर लिहिले आहे. फिल्मला तपकिरी छटा नीट टिपता येत नाहीत, अशी तक्रार लाकडी सामान व चॉकलेट बनविणाऱ्यांनी केली तेव्हा कंपनीने त्या छटांकडे अधिक लक्ष दिले, आणि निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले नमुनाचित्र तर १९९० च्या दशकात आले. या गृहस्थांनी आपल्या लॅबपुरता उपाय काढला होता. स्वतःच्या सावळ्या पत्नीचा, नीट उजळलेला एक निगेटिव्ह ते नमुना म्हणून वापरीत. “गिऱ्हाईक म्हणायचं, गोरं करून द्या. मी म्हणायचो, माणूस जसा आहे तसा देईन.” हे ऐकले आणि मला आजीची आठवण झाली. आजी सावळी होती. त्या खडूसारख्या फोटोंत तिचा सावळेपणाच नाहीसा झाला होता.

पुढच्या खेपेला मी ती निगेटिव्हज घेऊन गेले. फोटोंच्या मागच्या कप्प्यात ती तशीच राहिली होती. मी सगळी हकीकत सांगितली, फ्लॅशचीही. त्यांनी आजीकडे पाहिलेच नाही. भिंग घेऊन ते फिल्मच्या अगदी कडेला पाहू लागले. तेथे फिल्मचे नाव व फोटोंचे क्रमांक बारीक अक्षरांत असतात, हे आपण पाहिले असेल.

“ही अक्षरं कोणी लिहिली?” त्यांनी विचारले.

“कंपनीने.”

“तुमच्या वडिलांच्या कॅमेऱ्याने नाही. ती कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात. कॅमेरा चुकला तर फोटो बिघडेल. ही अक्षरं बिघडणार नाहीत. ती बिघडली, तर दोष धुण्यात.” त्यांनी दुसऱ्या एका चांगल्या निगेटिव्हची पट्टी शेजारी ठेवली. तिच्यावरील अक्षरे स्वच्छ व पारदर्शक होती. आमच्यावरील काळपट, जड, चिखलातून उठल्यासारखी.

मला काही सुचेना. साक्षीदार तेवीस वर्षे आमच्याच कपाटात होता. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

मग त्यांनी एक अवरक्त प्रकाशाची दुर्बीण काढली. रंगीत निगेटिव्हमधले रंग अवरक्त प्रकाश अडवीत नाहीत, चांदी अडविते. नीट धुतलेली निगेटिव्ह त्यातून जवळजवळ कोरी दिसते. आमच्या निगेटिव्हमध्ये आजी, नातू, झोळी सारे स्पष्ट दिसत होते. म्हणजे जी चांदी निघून जायला हवी होती ती फिल्ममध्येच राहिली होती. तीच प्रिंटवर चेहरे पांढरे आणि रंग मळके करीत होती. मे महिना, लग्नसराई, रोलांचा ढीग. खर्च वाचविण्यासाठी ब्लीच पुरेसे घातले नसावे, ते थकून गेले असावे, असा त्यांचा तर्क. सकाळच्या पट्टीवर एक पिवळा चौकोन असतो. ब्लीचने आपले काम केले की नाही, हे सांगण्यासाठीच तो असतो. त्या दिवशी तेथे कोणी पट्टी धुतली नसेल, किंवा धुऊन त्या चौकोनाकडे पाहिले नसेल. पट्टीला पैसे पडतात आणि गिऱ्हाईक ती कधी मागत नाही.

“पण ब्लीच कमी पडलं असेल तर ते आजही पुरं करता येतं,” ते शांतपणे म्हणाले. “जे रंग उडून गेले ते कोणी आणू शकत नाही. पण जी चांदी उरली आहे ती काढता येते.”

त्या मुलांच्या लॅबमध्ये त्यांनी आधी एक पट्टी धुतली. मी घाई करीत होते, ते करीत नव्हते. ठिपका रेघेच्या आत आला, मग त्यांनी आमच्या निगेटिव्हजपैकी ज्यात फक्त रिकामा मांडव होता असा एक तुकडा घेतला. तो नीट झाल्यावरच बाकीचे घेतले. ब्लीच, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी, शेवटचे द्रावण. चार फोटो आमच्या कपाटातल्या दमटपणाने एकमेकांना चिकटून गेले होते, ते गेलेच; त्यांत आजीचे दोन होते. तो दोष आमचा, कोणा लॅबचा नव्हे. काही रंग थोडे उतरले होते. पण भिक्षावळीचा फोटो वाळून दोरीवर लटकला तेव्हा कडेची अक्षरे स्वच्छ दिसत होती.

मी प्रिंट घेऊन घरी गेले. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी त्यांना आधी फोटो दाखविला नाही. भिंग व निगेटिव्ह दिली आणि कडेची अक्षरे पाहायला लावली, जसे मला शिकविले होते तसे. का, ते समजावून सांगितले. ते बराच वेळ त्या क्रमांकांकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे फ्लॅश बरोबर होता?”

“बरोबर होता, बाबा.”

मग त्यांनी फोटो हातात घेतला. आजी हसत होती, सावळी, संकोचलेली, लाडू धरलेला हात झोळीच्या तोंडाशी. बाबा काही बोलले नाहीत. बोटाने साडीच्या काठावरून एकदा हळूच फिरले, फोटोला स्पर्श न करता. “डाळिंबीच होता काठ,” एवढेच म्हणाले.

त्या लॅबमधल्या मुलाचा राग धरावा, असे आरंभी मला वाटले होते. आता वाटत नाही. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याला फोटो पांढरे दिसले आणि माहीत असलेले एकच कारण त्याने सांगितले. त्याच्याजवळ स्वतःच्या कामाला तपासण्याचे साधन होते, पण ते वापरायची सवय त्याला कोणी लावली नव्हती. स्वतःकडे दोष असू शकतो, हे ज्याला रोज सकाळी मोजून पाहावे लागत नाही, त्याला तो नेहमी समोरच्या माणसातच दिसतो. आणि समोरचा माणूस जर बाबांसारखा भिडस्त असेल, तर तो दोष तेवीस वर्षे वाहतो.

वाचकहो, आता थोडे व्यवहाराचे. आपल्या घरी जुने बिघडलेले फोटो असतील तर फोटो पाहून निराश होऊ नका; निगेटिव्ह शोधा. ती कधीही फेकून देऊ नका. उजेडासमोर धरून कडेची अक्षरे पाहा, आणि दुसऱ्या चांगल्या निगेटिव्हच्या अक्षरांशी ताडून पाहा. ती काळपट किंवा अगदी फिकी असतील तर जाणत्या माणसाला दाखवा. स्वतः रसायनांच्या नादी लागू नका. निगेटिव्हज कोरड्या, थंड जागी, कागदी पाकिटांत सुट्या ठेवा. पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडे ठेवावे, हे आमच्या चार फोटोंनी शिकविले. आणि ज्यांत आपले वडीलधारे आहेत त्यांची चांगली संगणकीय प्रत आजच करून घ्या.

माझ्यापुरते म्हणाल, तर ती पुस्तिका पूर्ण झाली, आणि ‘पट्टी’ हा शब्द तिच्यात तसाच राहिला. पण मी एक नवी सवय लावून घेतली आहे. रोज सकाळी नवे काम हाती घेण्यापूर्वी मी एक जुना, अनेक जाणत्या नजरांखालून गेलेला इंग्रजी परिच्छेद घेते, त्याचा अनुवाद पुन्हा करते आणि पक्क्या झालेल्या मराठी पाठाशी ताडून पाहते. काही दिवशी शब्द जड उतरतात, काही दिवशी घाई दिसते. ते कोणी मागितलेले नसते आणि त्याचे पैसेही कोणी देत नाही. पण त्या दिवशी मेजावर जो मजकूर येणार असतो, तो कोणाच्या तरी आजीचा असू शकतो.